मल्लेश्वरम सोडू नका

बेंगळुरूला दोन दिवसांत काय पाहावं, या प्रश्नावर लालबाग, एम. जी. रोड, मॉल हे इतरांनी सुचवलंच आहे. बेळगावहून दोन दिवसांसाठी बेंगळुरूला निघालेल्यांनी त्यातली अर्धी सकाळ तरी तिथल्या मल्लेश्वरम या भागाला द्यावी.

राणी चन्नम्मा एक्सप्रेस सकाळी सोडते ते स्टेशन आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांच्या नावाचं. शेजारच्या मॅजेस्टिक मेट्रो स्टेशनहून ग्रीन लाईनचं पुढचंच स्टेशन संपिगे रोड. तिथून थोडं चाललं की काडू मल्लेश्वर देऊळ. शहाजीराजांना १६३८ नंतर बेंगळुरूची जहागीर मिळाली, हे आपण शाळेत वाचतो. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजांनी १६६९ मध्ये या देवळाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख इथं आहे. तो पाहताना माझ्या अंगावर काटा आला. समोरच नंदीतीर्थ हे देऊळ आहे, नंदीच्या तोंडातून पिंडीवर अखंड धार पडते. मुलांना घेऊन जाच.

मग सीटीआर या उपाहारगृहातला बेण्णे (लोण्याचा) डोसा. रांग असते, पण थांबा. खरेदीला मल्लेश्वरमचाच आठवा क्रॉस (आडवा रस्ता): फुलं, फळं, साड्या, पितळी समया. वरमहालक्ष्मीच्या सणाच्या आदल्या दिवशी मात्र पाय ठेवायला जागा नसते. म्हैसूर सिल्क घ्यायचं असेल तर केएसआयसी या सरकारी रेशीम महामंडळाच्याच दुकानात घ्या, असं आमच्या काकूंनी बजावलंय आणि मलाही ते पटतं.