पंप सुरू झाला की ईएसपी३२ रीसेट होतो

प्रश्न :
कुंड्यांना आपोआप पाणी देण्यासाठी ईएसपी३२ (वाय-फाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), कपॅसिटिव्ह ओलावा सेन्सर, रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) आणि ५ व्होल्टचा छोटा पाण्यात बुडणारा पंप जोडला आहे. पंपाची वीज बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवरूनच घेतली आहे. पंप सुरू होताच बोर्ड रीसेट होतो. शिवाय वाय-फाय चालू केलं की जीपीआयओ २५ या पिनवरचं सेन्सरचं रीडिंग येत नाही. काय चुकतंय?

उत्तर १ :
मोटर सुरू होताना क्षणभर भरपूर करंट खेचते, व्होल्टेज पडतं आणि ब्राउनआउट डिटेक्टर (व्होल्टेज कमी झाल्याचं ओळखणारं बोर्डावरचं सर्किट) बोर्ड रीसेट करतो. कोडमधून तो डिटेक्टर बंद करा असं कुणी सांगेल, पण त्याने व्होल्टेज पडायचं थांबत नाही. पंपाला ५ व्होल्ट, १ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर द्या. रिलेऐवजी लॉजिक-लेव्हल मॉस्फेट (बोर्डाच्या कमी व्होल्टेजवर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बरा, आयआरएलझेड४४एन चालेल. तेव्हा अडॅप्टर आणि बोर्ड दोन्हींचे ग्राउंड एकत्र हवेतच. मॉस्फेटच्या गेट पिनपासून ग्राउंडपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, नाहीतर बूट होताना पंप मध्येच फिरतो. पंपाच्या तारांवर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे.

उत्तर २ :
जीपीआयओ २५ एडीसी२ वर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या दोन भागांपैकी दुसऱ्यावर) आहे आणि वाय-फाय चालू असताना एडीसी२ वापरता येत नाही. सेन्सर एडीसी१ च्या म्हणजे ३२ ते ३९ पैकी एखाद्या पिनवर घ्या, ३४ उत्तम. सेन्सरला ३.३ व्होल्ट द्या. कोरड्या हवेतलं आणि सेन्सरवरच्या खुणेपर्यंत पाण्यात बुडवल्यावरचं रीडिंग नोंदवून ठेवा. कोरडेपणा वाढला की आकडा वाढतो, हे उलटं गणित कोडमध्ये हमखास चुकतं. सेन्सरच्या पट्टीच्या कापलेल्या कडांतून ओल शिरते, तिथे नेलपॉलिशचे दोन हात द्या.

प्रश्नकर्ता :
ओलावा ठरलेल्या आकड्यापर्यंत येईपर्यंत पंप चालू ठेवला तर?

उत्तर २ :
नको. पाणी मातीत मुरून सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो, तोवर कुंडी तुंबते. ५ सेकंद पाणी, १० मिनिटं थांबा, मग पुन्हा रीडिंग. सलग तीनदा पाणी देऊनही आकडा हलला नाही तर पंप बंद करून सूचना पाठवा; बहुतेकदा सेन्सर मातीतून निसटलेला असतो किंवा टाकी रिकामी असते.

उत्तर ३ :
टाकीतली पाण्याची पातळी नळीच्या टोकापेक्षा वर असेल तर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी वाहत राहतं. टाकी खाली ठेवा. जमत नसेल तर टाकीच्या आत, पाण्याच्या वर, नळीला बारीक भोक पाडा. टाकीत फ्लोट स्विचही (पाणी कमी झाल्याचं कळवणारा तरंगता स्विच) हवा, हे पंप कोरडे चालले की जळतात.