मदत हवी आहे: तीन गावं, पाच गट आणि एकच डोंगर

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र, पण आता अडलोय म्हणून धागा काढतोय. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

मी संगमेश्वर तालुक्यातला. आमचा सात-आठ जणांचा गट आहे, नोंदणी वगैरे काही नाही. फेब्रुवारी लागला की वणवा पसरू नये म्हणून जाळपट्टे (गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) काढायचे आणि पावसात देवराईच्या कडेने रोपं लावायची, एवढंच काम. शेजारच्या गावात फक्त देवराईवर काम करणारे आहेत, त्यांची संस्था रीतसर नोंदलेली. पलीकडच्या गावात ककणेरांच्या (धनेश पक्ष्यांच्या) ढोल्यांवर लक्ष ठेवणारी चार पोरं. शिवाय एक बचत गट रोपवाटिका चालवतो (किंजळ, सातवीण, बेहडा, रातांबा) आणि सड्यावरची (वरच्या कातळी माळावरची) कातळशिल्पं सांभाळणारे दोघंतिघं आहेत. भांडण कुणाचं कुणाशी नाही.

पण सगळ्यांचा डोळा एकाच उतारावर आहे. वर सडा, मधे राई, खाली पऱ्या (ओढा), आणि तीन गावांच्या हद्दी तिथेच मिळतात. आमच्याकडे बहुतेक रान खाजगी मालकीचं, हे इथल्या कोकणवाल्यांना सांगायला नको. या तुकड्याच्या सातबाऱ्यावर 31 नावं, निम्मे मुंबईला, चारजण तर कधीच वारलेले. गावात राहणारे एकटे एक काका, तेच सगळ्यांच्या वतीने बोलतात.

गेल्या मार्चमध्ये सड्यावर वणवा लागला. पलीकडच्या गावाला दुपारी एकलाच कळलं होतं, त्यांच्या व्हॉट्सॅपवर फोटोही फिरले. आम्हाला कळलं चार वाजता, अंगणात राख पडायला लागली तेव्हा. आमचा ब्लोअर (पाचोळा उडवून आग अडवायचं यंत्र) माझ्या पडवीत कुलपात, टाकी रिकामी. त्यांना आमच्याकडे ब्लोअर आहे हेच माहीत नव्हतं. ते बिचारे टहाळ्यांनी झोडपत होते. रात्री आग विझली, पण एक जुना बेहडा आतून धुमसत राहिला, दोन दिवस. ढोलीतून बारीक धूर यायचा, चुलीला ओलं लाकूड घातल्यासारखा. त्या ढोलीत ककणेराची मादी लिंपून बसली होती. पोरांच्या वहीत त्या झाडाला नंबर होता. आम्ही त्याच झाडाखाली बसून पाणी प्यायलो होतो, आम्हाला पत्ता नाही.

एवढं होऊनही शहाणपण आलं नाहीच. दिवाळीनंतर एका महिन्यात काकांकडे तीन गट तीन कागद घेऊन गेले. देवराईवाल्यांना कुंपण हवं, बचत गटाला बी गोळा करायची परवानगी, आम्हाला सड्याच्या कडेने दहा फुटी जाळपट्टा. मी तिसरा. काकांनी झोपाळ्यावरच्या उशीखालून आधीचे दोन कागद काढून समोर ठेवले. म्हणाले, "आदी तुमचा काय ता ठरवा, मंग माज्याकडं या." चहा दिला, पण बिनदुधाचा.

तर विचारायचं असं. नोंदलेल्या संस्थेचं म्हणणं, सगळ्यांनी त्यांच्या छत्राखाली यावं, म्हणजे देणगीदारांना आयकर सवलतीची पावती देता येईल. बचत गटाच्या ताई त्यावर काही बोलल्या नाहीत, त्यांचा चेहरा बोलला. मलाही ते पटत नाही. पण मग कोणी कोणासाठी बोलायचं? काकांकडे कागद न्यायचा तो कसा असावा? आणि ब्लोअरचं पेट्रोल कोणाच्या खिशातून? (हसू नका, गेल्या वर्षी यावरूनच दोघं बोलेनासे झाले.)

सडेकरी
काकांचं काही चुकत नाही. मागच्या पिढीने दोन तडाखे खाल्लेत. कूळकायद्यात 1 एप्रिल 1957 पासून कसणारा मालक झाला. कुळाच्या दृष्टीने ते न्यायाचंच होतं, पण तेव्हापासून "दुसऱ्याला रानात शिरू दिलं की कूळ लागतं" ही भीती घरोघर बसली. मग 1975 चा खाजगी वने संपादन कायदा आला आणि सातबाऱ्यावर वनाच्या नोंदी पडल्या. त्यामुळे तुमच्या कागदात "संवर्धनासाठी देत आहे" असं वाक्य असेल तर म्हाताऱ्याने ते उशीखालीच ठेवायचं. साधं संमतीपत्र करा. काम कोणतं, कोणत्या महिन्यात, कोण येणार. ताबा मालकाचाच, पीकपाहणीत आमचं नाव लागणार नाही, मालक म्हणेल त्या दिवशी काम बंद. एका मोसमापुरतं, पुढच्या वर्षी नवं. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा केलात तर नोंदणी आली आणि 31 जणांच्या सह्या गोळा करत फिराल. तालुक्यातल्या वकिलाला एकदा दाखवून घ्या. आणि तिन्ही कामं एकाच कागदावर.

खाडीपलीकडे
ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे का बघा. 2002 च्या कायद्यात कलम 41 प्रमाणे ती असायला हवी, बऱ्याच ठिकाणी ती फक्त फळ्यावर असते. ढोलीची झाडं, बियांची झाडं लोकजैवविविधता नोंदवहीत लिहून घ्या, म्हणजे नंबर एकाच्याच वहीत अडकणार नाही. पंचायत समितीच्या पातळीवरही अशी समिती असते, तीन गावांचा विषय तिथे मांडता येतो. मात्र जैवविविधता वारसा स्थळाचं नाव आत्ता काढू नका. आंबोलीला 2021 मध्ये एका छोट्या माशासाठी हिरण्यकेशी नदीचा 2.11 हेक्टर भाग तसा जाहीर झाला, चांगलंच झालं. पण खाजगी रानात हा शब्द काढलात तर मालक बिथरतील.

वेळवेकर
एक संस्था करू नका, हात जोडून सांगतो. सात माणसं जमली की 1860 च्या कायद्याखाली नोंदणी होते, ते सोपं. दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात देणं, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, यात आमची दोन वर्षं गेली, तेवढ्यात एक झाड लावलं नाही. वेळासच्या किनाऱ्यावर 2002 पासून समुद्री कासवांची घरटी राखतात. तिथे संस्था, वनखातं आणि गाव यांनी आपापलं काम उचललंय, राहण्या-जेवणाचे पैसे पाहुण्यांकडून थेट घरांत जातात. तुम्हीही एक नकाशा, वणव्याचा एकच फोन नंबर आणि काकांशी बोलणारं एकच माणूस ठरवा. ते माणूस बचत गटातलं असू द्या. ताई गेल्या तर चहात दूध पडेल.

चाकरमानी_72
सगळं ठीक. उद्या त्या 31 जणांनी दलालाला विकली तर?

धागाकर्ता
चाकरमानी, विकतीलही. निम्मे तुमच्याच बाजूला राहतात, शिमग्याला आले की गाठणार आहे. निदान रान कुठलं ते तरी बघून जातील.

सडेकरी, कूळ हा शब्द काकांच्या तोंडून एकदाही आला नाही, पण आता त्यांचे प्रश्न आठवले की सगळं जुळतंय. "कोयता तुमचा की माझा वापरणार?" असं का विचारलं ते आत्ता कळलं. ताईंना विचारलं, त्या येते म्हणाल्या, पण कागदावर पहिलं नाव काकांचं असेल तरच. बरोबर आहे. असं संमतीपत्र कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर मजकूर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? जानेवारीत बेणणी (गवत-झुडपं काढणं) सुरू होण्याआधी हवंय.

आणि पेट्रोलचं अजून कोणीच बोललं नाही.