मदत हवी आहे : ‘टेस्ट करू की नको’ यात अडकलेल्यांना तुम्ही काय सांगता?

समुपदेशक आणि लॅबवाल्यांना प्रश्न आहे. असुरक्षित लैंगिक संबंधानंतर संसर्गाच्या तपासणीसाठी काही जण दुसऱ्याच दिवशी लॅब गाठतात, काही भीतीने महिनोन्‌महिने जातच नाहीत. दुसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट त्या संबंधाबद्दल काहीच सांगत नाही. क्लॅमिडिया-गनोरिया या लैंगिक संसर्गांची नॅट चाचणी (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) साधारण २ आठवड्यांनी, एचआयव्हीची चौथ्या पिढीची लॅब टेस्ट (विषाणूचा अंश आणि अँटिबॉडी दोन्ही शोधणारी) ४५ दिवसांनी, एचआयव्हीचीच फक्त अँटिबॉडी बघणारी रॅपिड टेस्ट ३ महिन्यांनी भरवशाची. सिफिलिससाठी व्हीडीआरएल ही रक्तचाचणी ६ आठवड्यांनी आणि पुन्हा ३ महिन्यांनी. पण ७२ तास उलटले नसतील तर वाट न बघता सरकारी रुग्णालयात जाऊन पीईपीबद्दल, म्हणजे एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या गोळ्यांबद्दल, विचारायचं. गोळ्या २८ दिवस. नेमकं हेच लोकांना उशिरा कळतं.

नॅटसाठी लघवी पहिल्या धारेची लागते, २०-३० मिली, आधीचा तासभर लघवी न केलेली. कल्चरच्या (जंतू वाढवून बघायच्या लघवी तपासणीच्या) सवयीने मधली धार दिली की जंतू निसटू शकतो. घशातला किंवा गुदद्वारातला संसर्ग तर लघवीत दिसतच नाही, तिथला स्वॅबच हवा.

आता अडचण. आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात) एचआयव्ही चाचणी मोफत, संमती आणि गोपनीयता २०१७ च्या कायद्याने बंधनकारक. तरी तालुक्याच्या गावात ‘ओळखीचं कुणी भेटलं तर?’ यावर गाडी अडते. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा म्हटलं तरी पाऊल उचलत नाहीत. अशांना शेजारच्या जिल्ह्यात पाठवता का? आणि लक्षणं नसलेल्यांची नॅट परवडेल अशी कुठे करून घेता?