मदत हवी आहे: इम्प्लांटसाठी काढलेल्या सीबीसीटीवर एमबी-टू नलिकेचा अभ्यास करावा का?

नमस्कार. मी मुंबईत एंडोडॉन्टिक्समध्ये (दातांच्या मुळांतील नलिकांवरील उपचार, म्हणजे रूट कॅनल) एमडीएस ही पदव्युत्तर पदवी करत आहे. वरच्या पहिल्या दाढेच्या मेसिओबक्कल मुळात (गालाकडच्या, पुढच्या बाजूच्या मुळात) दुसरी नलिका, म्हणजेच एमबी-टू, किती जणांमध्ये आढळते, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. केवळ संशोधनासाठी रुग्णांना क्ष-किरण देणे योग्य नसल्यामुळे दादरच्या एका इमेजिंग सेंटरमधील जुने सीबीसीटी स्कॅन (दात-जबड्याची त्रिमितीय क्ष-किरण चित्रे), रुग्णांची ओळख काढून आणि नैतिकता समितीच्या परवानगीने, वापरायचे ठरले आहे.

अडचण अशी की त्यांतील बहुतेक स्कॅन इम्प्लांटसाठी काढलेले, संपूर्ण जबड्याचे आणि ०.३ मिमी व्हॉक्सेलचे (व्हॉक्सेल म्हणजे त्रिमितीय चित्राचा सर्वांत लहान घनकण) आहेत. एवढ्या मोठ्या व्हॉक्सेलमध्ये बारीक, त्यातही कॅल्सिफाय झालेली (क्षार साचून अरुंद झालेली) नलिका भोवतालच्या डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतील कठीण थराच्या, छटेत विरून जाते आणि मग 'दिसली नाही'ची नोंद 'नाही' अशी होण्याचा धोका राहतो. जादा नलिकेची शक्यता असलेल्या दातांसाठी अमेरिकेतील एंडोडॉन्टिस्ट आणि ओरल रेडिऑलॉजिस्ट यांच्या संघटनांनी २०१५ च्या संयुक्त निवेदनात लहान एफओव्हीची (म्हणजे मोजक्याच दातांचा भाग टिपणाऱ्या, बारीक व्हॉक्सेलच्या स्कॅनची) शिफारस केली आहे, ती उगीच नव्हे. ०.१ मिमीच्या आसपासचे असे स्कॅनही सेंटरकडे आहेत, परंतु ते मुळात गुंतागुंतीच्या केसेसमध्येच काढलेले असल्यामुळे फक्त त्यांवर विसंबल्यास एमबी-टूचे प्रमाण फुगून येईल. माझ्या मते ही दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण चित्र स्पष्ट दिसत असल्याने तिचा संशयच येत नाही.

दोन्ही प्रकारचे स्कॅन घेऊन निष्कर्ष वेगवेगळे मांडावेत, की ०.२ मिमीपेक्षा मोठ्या व्हॉक्सेलचे स्कॅन सरळ वगळावेत? गट्टापर्चा (रूट कॅनलमध्ये भरलेला पदार्थ) किंवा धातूची कॅप असलेल्या दाढा मी वगळणारच आहे. शेजारच्या दाताच्या कॅपमुळे स्कॅनमध्ये पट्टे उमटले असतील तर आपण काय करता? व्हर्टुची यांच्या १९८४ च्या वर्गीकरणातील दुसरा आणि चौथा प्रकार, म्हणजे दोन नलिका टोकाशी एकत्र येतात की स्वतंत्र राहतात, हे ०.३ मिमीवर खात्रीने सांगता येईल असे मला वाटत नाही. त्यामुळे अशा स्कॅनमध्ये फक्त नलिकांची संख्या नोंदवणे पुरेसे ठरेल का?

पडताळणीसाठी, आधीच उपटलेल्या दाढा त्याच यंत्रावर दोन्ही व्हॉक्सेलने स्कॅन करून नंतर त्यांचे छेद घेण्याचा विचार आहे. त्याऐवजी बाहेरच्या विद्यार्थ्यांना मायक्रो-सीटी (लहान नमुन्यांचे अतिसूक्ष्म त्रिमितीय स्कॅन करणारे यंत्र) वापरू देणारी एखादी प्रयोगशाळा मुंबई-पुण्यात कोणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे.