पुरात सगळ्या टीमला एकच गोष्ट एकसारखी कळावी म्हणून काय करता?

कृष्णाकाठ:
सांगलीजवळ नदीकाठचं गाव आमचं, पंधरा-सोळा पोरं आणि दोन बोटी. २०१९ च्या पुरात ग्रुपवर मेसेज पडला, 'शाळेमागं म्हातारी माणसं अडकलीत'. गावात शाळा दोन, मराठी शाळा अन् हायस्कूल, दोन्ही बोटी मराठी शाळेकडं गेल्या आणि हायस्कूलमागचं जोडपं चार तास माळ्यावर बसून राहिलं. वाचले, पण आजींना उतरवताना त्यांचे हात बर्फासारखे गार होते, ते अजून माझ्या हातातनं जात नाही. दुसरं म्हणजे सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४१ फूट आलं की निम्मी पोरं म्हणतात इशारा ४० चा, गेला की वर, घरं आत्ताच हलवा, निम्मी म्हणतात धोका ४५ ला, अजून चार फूट हायत. आकडा सगळ्यांना माहीत असतो आणि रात्र वादात जाते. शेवटचा शब्द कुणाचा ठेवावा?

जुना फायरमन:
भाऊ, एक माणूस काठावर बसवा जो बोटीत पाय ठेवणारच नाही. कुठली बोट कुठं, हे फक्त तो सांगणार. त्याच्याजवळ फळा, फळ्यावर निरोप, ठिकाण आणि वेळ, कारण वेळ नसलेला मेसेज दुपारपर्यंत फिरत राहतो आणि सोडवून आणलेल्या माणसांसाठी परत बोट जाते. बोटवाल्यानं निरोप ऐकून तोच उलट म्हणून दाखवायचा, 'हायस्कूलमागं, दोन माणसं, निघालो'. मात्र बोटीत किती घ्यायचे ते बोटवालाच ठरवणार, काठावरनं 'अजून दोघं घे' म्हणायचं नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला जास्त माणसं भरलेली बोट उलटली, ते तुमच्याच जिल्ह्यातलं आहे, मी सांगायला नको.

सह्याद्रीतला:
आम्ही दरीतल्या रेस्क्यूला जातो. उतरण्याआधी पाच मिनिटं सगळे गोल उभे राहतात आणि सगळ्यात नवा पोरगा आधी बोलतो, त्याला काय दिसतंय ते. सीनियर आधी बोलला की बाकीचे माना हलवतात आणि दोर घासतोय हे ज्यानं पाहिलंय तोही गप्प बसतो.

पंचगंगेची लेक:
दादा, वाद पूर येण्याआधी करून घ्या. आमच्याकडं कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा, ४३ धोका, पण आमच्या गल्लीनं स्वतःचं ठरवलंय. ३६ ला जनावरं वर, ३९ ला म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि औषधं, त्या रात्री चर्चा नाही. जनावरं आधी अशासाठी की दावणीला म्हैस असली की माणूस घर सोडत नाही, हे बायकांना विचारलं तेव्हा कळलं, मीटिंगला तोवर पुरुषच असायचे. आणि आयर्विनचा आकडा पुलापाशीचा, तुमच्या गावात पाणी कुठवर येतं त्याची खूण देवळाच्या पायरीवर रंगानं करा.

कृष्णाकाठ:
ताई, पायरीची खूण या रविवारीच करतो, २०१९ चं पाणी कुठवर आलेलं ते पुजारीकाका बोटानं दाखवतात. काठावर बसायला मात्र कुणी तयार होत नाही, सगळ्यांना बोटीतच जायचंय. पोहता न येणारा, पण गावातलं घर न् घर ठाऊक असलेला माणूस बसवला तर चालेल का फायरमन काका? आमचे पोस्टमन रिटायर झालेत.

जुना फायरमन:
चालेल काय, त्यांनाच बसवा. सोबत लिहायला एक पोरगी द्या आणि फोनला पॉवरबँक.