मदत हवी आहे: डेव्हस्टॅकची व्हीएम एका कमांडमध्ये उभी करायची आहे, नेट मंद, वीज बेभरवशाची

नमस्कार मंडळी,

जळगावहून लिहिते आहे. माझं रोजचं काम ओपनस्टॅकवर आहे आणि दर रविवारी इंजिनिअरिंगची काही मुलंमुली आमच्याकडे शिकायला येतात. पाचोरा, अमळनेर, चोपडा, एक मुलगी तर थेट शहाद्याहून येते. त्यांना ओपनस्टॅकच्या कोडमध्ये हात घालायचा आहे: एखादा छोटा बग उचलायचा, दुरुस्त करायचा, गेरिटवर, म्हणजे कोड तपासून घ्यायच्या साइटवर, पाठवायचा. डोकं आहे, चिकाटी आहे. घोडं अडतं ते पहिल्याच पायरीवर. डेव्हलपमेंटची व्हीएम (संगणकाच्या आतला आभासी संगणक) तयार होईपर्यंत दिवस कलतो, मुलं एसटी गाठायला उठतात आणि कोडची एक ओळही वाचून झालेली नसते. हे मला फार लागतं, म्हणून हा धागा.

ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओपनस्टॅक म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर क्लाउड उभारायचं मुक्त सॉफ्टवेअर; २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेस यांनी मिळून सुरू केलेलं. त्यात कीस्टोन (लॉगिन), नोव्हा (व्हीएम चालवणं), ग्लान्स (इमेज), न्यूट्रॉन (नेटवर्क), सिंडर (डिस्क) असे बरेच तुकडे. हे सगळे एकाच मशीनवर कोडसकट उभे करणारी शेल स्क्रिप्ट म्हणजे डेव्हस्टॅक. लोकल.कॉन्फमध्ये चार पासवर्ड आणि आयपी लिहायचा आणि स्टॅक.एसएच चालवायची. ती सिस्टीमभर बदल करते, त्यामुळे ती स्वतःच्या लॅपटॉपवर थेट चालवू नये, व्हीएममध्येच चालवावी.

आमची सामग्री: खोलीत उबुंटूचा एक डेस्कटॉप, ३२ जीबी रॅमचा. दोन मुलांकडे १६ जीबीचे लॅपटॉप, बाकीच्यांकडे ८ जीबीचे आणि बहुतेक विंडोजवर. सध्या व्हेग्रंट वापरते, म्हणजे फाइलीत लिहिल्याप्रमाणे व्हीएम उभी करणारं साधन. व्हेग्रंटफाइलमध्ये ८ जीबी रॅम, ४ कोअर आणि एक शेल प्रोव्हिजनर. तो स्टॅक नावाचा युजर बनवतो, त्याला बिनपासवर्डचा सुडो (प्रशासकाचे अधिकार) देतो, डेव्हस्टॅक क्लोन करतो आणि स्टॅक.एसएच सुरू करतो. चांगल्या नेटवर हे सुरळीत होतं. इथे तीन ठिकाणी अडतं.

पहिलं, डाउनलोड. प्रत्येक व्हीएम एपीटीची (उबुंटूची) पॅकेजेस, पायथॉनची पॅकेजेस आणि गिटच्या मोठमोठ्या रेपो (कोडची भांडारं) नव्याने ओढते. नोव्हा, न्यूट्रॉनचा इतिहासच भलामोठा. तीन जणांनी एकदम सुरू केलं की कुणाचं तरी पिप (पायथॉनची पॅकेजेस आणणारं साधन) मध्येच टाइमआउट होतं आणि स्टॅक.एसएच तिथेच थांबते. स्क्रिप्ट तशीच लिहिलेली आहे, एरर आली की पुढे जायचं नाही. ते बरोबरच आहे, पण पुन्हा चालवली की बरंचसं काम पहिल्यापासून.

दुसरं, वीज. एप्रिल-मे मध्ये दुपारी वीज गेली की डेस्कटॉप जातो, इन्व्हर्टरवर तो घेता येत नाही. वीज आल्यावर व्हीएम सुरू होते, होरायझनचं (ओपनस्टॅकच्या वेब डॅशबोर्डचं) पान उघडतं, लॉगिनही होतं. सगळं ठीक वाटतं. पण ओपनस्टॅकने आत चालवलेल्या सिरॉसच्या (चाचणीसाठीचं चिमुकलं लिनक्स) इन्स्टन्सला फ्लोटिंग आयपीवर, म्हणजे बाहेरून पोहोचायच्या पत्त्यावर, पिंग केलं तर उत्तर येत नाही. 'आयपी ॲड्र' मध्ये पाहिलं तर बीआर-ईएक्स हा बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा ब्रिज 'डाउन' दिसतो आणि त्यावरचा १७२.२४.४.१ हा पत्ता गायब असतो.

तिसरं, प्रती काढणं. एकदा नीट उभ्या राहिलेल्या व्हीएमचा बॉक्स (व्हेग्रंटची तयार इमेज) करून तो मुलांना द्यावा म्हटलं. प्रत्येक प्रतीला वेगळं होस्टनेम दिलं, तर रॅबिटएमक्यू (सेवांमधले निरोप पोहोचवणारा) रिकामा उठतो, त्यातले युजर नाहीत. आणि नोव्हाच्या यादीत जुन्या नावाची कॉम्प्युट सर्व्हिस 'डाउन' दिसत राहते.

तर विचारायचं हे: व्हेग्रंटच ठेवावं, की क्लाउड-इनिटवर (पहिल्या बूटला व्हीएमची मांडणी करणारं साधन) जावं, की तयार इमेज वाटावी? आणि वीज गेली तरी मुलांचं काम वाचेल अशी रचना कशी करावी? भाड्याच्या क्लाउडवर व्हीएम घ्या हा सल्ला कृपया नको. महिन्याचं बिल भरायची मुलांची ऐपत नाही, आणि रविवारी नेट गेलं तर तेही बंदच.

प्रतिसाद: धुळेकर

ताई, आधी डाउनलोडचं बघू, कारण ते सुटलं की बाकीचं निवांत करता येतं. डेस्कटॉपवर एपीटी-कॅशर-एनजी टाका, उतरवलेली पॅकेजेस साठवून ठेवणारा; तो ३१४२ पोर्टवर ऐकतो. व्हीएमच्या एपीटीला तो प्रॉक्सी म्हणून दाखवा. पायथॉनसाठी तसंच डेव्हपीआय, त्याचा पोर्ट ३१४१. व्हीएममध्ये /ईटीसी/पिप.कॉन्फ मध्ये इंडेक्स म्हणून त्याचा पत्ता लिहा. साधं एचटीटीपी असल्यामुळे ट्रस्टेड-होस्टही लिहावं लागेल. पहिली व्हीएम सगळं बाहेरून आणेल, दुसरीपासून घरातल्या घरात.

गिटसाठी लागणाऱ्या सगळ्या रेपोंच्या मिरर प्रती डेस्कटॉपवर करून ठेवा आणि लोकल.कॉन्फमध्ये गिट_बेस तिकडे वळवा. रेपोंची मांडणी मात्र ओपनडेव्हवर आहे तशीच ठेवा, म्हणजे ओपनस्टॅक फोल्डरखाली नोव्हा, न्यूट्रॉन असं. डेव्हस्टॅक पुढचा रस्ता तसाच जोडतो. रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणारा) 'गिट रिमोट अपडेट' चालवलं की प्रती ताज्या राहतात. गिट_डेप्थ १ ठेवायचा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका. उथळ क्लोनमध्ये मागचा इतिहास नसतो, आणि बग शोधणाऱ्या पोराला 'गिट ब्लेम' (कोणती ओळ कुणी, कधी बदलली) लागतंच लागतं.

सिरॉसची इमेज डेव्हस्टॅकच्या फाइल्स फोल्डरमध्ये आधीच ठेवा. तिथे सापडली तर पुन्हा उतरवत नाही.

प्रतिसाद: भुसावळकर

राम राम ताई. तुमच्या तिसऱ्या अडचणीचं कारण होस्टनेमच आहे. रॅबिटएमक्यूच्या नोडचं नाव 'रॅबिट@होस्टनेम' असं असतं आणि त्याचा डेटाही त्याच नावाच्या फोल्डरमध्ये राहतो. नाव बदललं की तो स्वतःला नवा नोड समजतो आणि रिकामा उठतो. नोव्हाही कॉम्प्युट होस्टला नावाने ओळखतो. म्हणून उपाय उलटा करा: सगळ्या प्रतींचं होस्टनेम एकच ठेवा. प्रत्येक व्हीएम नॅटच्या मागे, म्हणजे होस्टच्या पत्त्याआड, आहे, एकमेकींशी त्यांना बोलायचंच नाही. मग नाव सारखं असलं म्हणून काय बिघडतं?

आयपीचंही तेच. कीस्टोनच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक सेवेचा पत्ता होस्ट_आयपी वरून लिहिलेला असतो. तो बदलला की सगळ्या सेवा जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतात. व्हीएमच्या आत सिस्टमडी-नेटवर्कडीने एक डमी इंटरफेस बनवा, त्याला कायमचा खासगी पत्ता द्या आणि होस्ट_आयपी म्हणून तोच लिहा. बाहेरच्या कार्डाला डीएचसीपीने कोणताही आयपी मिळो, आतल्या सेवांना त्याचा पत्ताच लागत नाही. होरायझन बघायचं तर एसएसएच टनेल.

प्रतिसाद: धुळेकर

भाऊंचं पटलं. त्यात एकच भर. इमेज बंद करण्याआधी मशीन-आयडी रिकामा करायला विसरू नका. उबुंटू डीएचसीपीसाठी ओळख त्यावरूनच काढतो. दोन प्रतींचा मशीन-आयडी सारखा असला की दोघींना एकच आयपी मिळतो आणि एसएसएच कधी इकडे जातं, कधी तिकडे. 'क्लाउड-इनिट क्लीन' ला लॉग्ज आणि मशीन-आयडी हे दोन्ही पर्याय द्या. आणि नव्या प्रतीच्या मेटा-डेटामध्ये इन्स्टन्स-आयडी वेगळा, पण लोकल-होस्टनेम तेच. नाहीतर क्लाउड-इनिट आपण होऊन नाव बदलेल आणि पुन्हा तेच दुखणं.

प्रतिसाद: नाशिककर

ताई, विजेसाठी माझं मत असं की रीबूटनंतर डेव्हस्टॅक जशीच्या तशी उठावी ही अपेक्षाच ठेवू नये. ती त्यासाठी बनलेली नाही. व्हीएम टाकून देता येईल अशी ठेवा. मूळ क्यूकाऊ२ इमेज (व्हीएमच्या डिस्कची फाइल) फक्त वाचायची, आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी तिच्यावर एक पातळ ओव्हरले, फक्त बदल साठवणारा: 'क्यूईएमयू-आयएमजी क्रिएट' ला बॅकिंग फाइल आणि तिचा फॉरमॅट सांगितला की झालं. बिघडलं की ओव्हरले पुसा, नवा करा. मूळ इमेजला मात्र नंतर हात लावायचा नाही. ती बदलली की तिच्यावरचे सगळे ओव्हरले निकामी होतात.

तरी त्या ब्रिजसाठी छोटं सिस्टमडी युनिट लिहून इमेजमध्येच टाका. ओपन व्हीस्विच (ब्रिज चालवणारं सॉफ्टवेअर) सुरू झाल्यावर बीआर-ईएक्स 'अप' करायचा, १७२.२४.४.१/२४ पत्ता द्यायचा, आणि फ्लोटिंग रेंजसाठी मास्करेडचा (बाहेर जाताना पत्ता बदलून देणारा) नियम पुन्हा घालायचा. हा नियमही रीबूटमध्ये जातो. तो नसला तर पिंग मिळतं, पण इन्स्टन्सला बाहेरचं नेट मिळत नाही, आणि लोक दिवसभर न्यूट्रॉनमध्ये चूक शोधतात.

व्हेग्रंट सोडलंत तरी चालेल. लिनक्सवर केव्हीएम (व्हीएम चालवायची कर्नलमधली सोय) असताना व्हर्ट-इन्स्टॉल (व्हीएम बनवणारी कमांड) आणि क्लाउड-इनिट पुरेसं आहे, आणि तेच क्लाउड-इनिट पुढे मुलांना खऱ्या क्लाउडवरही भेटतं. विंडोजच्या मुलांना लॅपटॉपवर व्हीएम देऊच नका. डेस्कटॉपवरच्या व्हीएममध्ये एसएसएचने येऊ द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नाशिककर दादा, एक शंका. ओव्हरले पुसला तर मुलांनी /ऑप्ट/स्टॅक/नोव्हा मध्ये केलेलं कामही जाईल. ते कुठे ठेवावं? व्हर्टिओएफएसने डेस्कटॉपचं फोल्डर आत जोडावं का?

प्रतिसाद: नाशिककर

जोडता येतं, पण मी टाळेन. फाइलींच्या मालकीवरून, म्हणजे आतला स्टॅक युजर आणि बाहेरचा युजर यांच्या आयडीवरून, नवशिक्यांची फार ओढाताण होते. डेस्कटॉपवर प्रत्येकाची एक बेअर रेपो (नुसता इतिहास ठेवणारी) ठेवा आणि व्हीएममध्ये ती 'घर' नावाचा रिमोट म्हणून जोडा. अर्ध्या तासाने कमिट, लगेच पुश. सवय लागली तर नोकरीतही उपयोगी पडेल.

प्रतिसाद: भुसावळकर

रॅमबद्दल राहिलंच. ३२ जीबीत ८-८ च्या तीन व्हीएम बसतील, चौथीला जागा होत नाही. ज्यांचं काम नोव्हावर आहे त्यांच्या लोकल.कॉन्फमध्ये होरायझन, टेम्पेस्ट (चाचण्यांचा संच) आणि सिंडरच्या सेवा डिसेबल करा, एपीआय_वर्कर्स १ करा. बराच फरक पडतो. आणि नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (व्हीएमच्या आत व्हीएम) चालू आहे ना ते बघा: केव्हीएम_इंटेल मॉड्यूलच्या नेस्टेड पॅरामीटरमध्ये 'वाय' किंवा १ दिसायला हवं, आणि व्हीएमचा सीपीयू मोड होस्ट-पासथ्रू. नाहीतर आतला इन्स्टन्स नुसत्या क्यूईएमयूच्या नकलेवर चालतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. त्या गरमीत सीपीयू सतत पूर्ण भारावर राहिला की तो स्वतःचा वेग उतरवतो, आणि मग सगळंच रेंगाळतं.

धागाकर्ती

या रविवारी तुमच्या सांगण्याप्रमाणे मांडणी केली. कॅशर, डेव्हपीआय आणि गिटच्या प्रती डेस्कटॉपवर आहेत. होस्टनेम सगळ्यांचं एकच, होस्ट_आयपी डमी इंटरफेसवर. बिगुल वाजवल्यासारखी एकच स्क्रिप्ट आहे: तिला विद्यार्थ्याचं नाव द्यायचं, ती ओव्हरले बनवते, 'सीआयडेटा' लेबलची छोटी आयएसओ करून त्यात त्याची एसएसएच की घालते आणि व्हर्ट-इन्स्टॉलला हाक मारते. चहा उकळायच्या आत व्हीएम हजर. चोपड्याच्या मुलाने सिरॉसला पिंग केलं आणि ओरडला, "व्हई गयं ताई!" दुपारी वीज गेली, आल्यावर ब्रिजचा पत्ता जागेवर होता. एका ओव्हरलेवरचा डेटाबेस उठेना, तर मुलीने स्वतःच तो ओव्हरले पुसून नवा केला, 'घर' मधून आपली ब्रांच ओढली आणि पुढे वाचायला बसली. नोव्हाचा शेड्युलर पहिल्यांदाच दुपारी तीनच्या आत उघडला गेला.

आता उरलेला प्रश्न. मुलांना दुरुस्त्या मास्टरवर (मुख्य ब्रांचवर) पाठवायच्या आहेत, म्हणजे मूळ इमेज शिळी होऊन चालणार नाही. दर आठवड्याला ती माणूस न बसता नव्याने कशी बांधावी? पॅकर (इमेज आपोआप बांधणारं साधन) वापरावा का?

प्रतिसाद: धुळेकर

पॅकर चांगला आहे, पण तुमच्याकडे स्क्रिप्ट आहेच, तीच शनिवारी रात्री क्रॉनने चालवा. महत्त्वाचं हे की नवी इमेज तपासल्याशिवाय जुनीच्या जागी ठेवायची नाही. स्टॅक.एसएच संपली की आपोआप एक सिरॉस इन्स्टन्स उभा करा, फ्लोटिंग आयपी द्या, पिंग आणि एसएसएच दोन्ही जमलं तरच सिमलिंक (फाइलीकडे बोट दाखवणारा दुवा) नव्या इमेजकडे वळवा. मास्टर अधूनमधून मोडलेला असतोच. तपासणी फसली तर मुलं मागच्या आठवड्याच्या इमेजवर काम करतील, आपल्या रेपोपुरतं 'गिट पुल' करतील, रविवार वाया जाणार नाही. जुन्या इमेज लगेच पुसू नका, त्यांच्यावर कुणाचा ओव्हरले उभा असू शकतो.

आणि एक विनंती. शिरपूर-धुळ्याकडचीही काही पोरं यासाठी विचारत असतात. ती इमेज इकडे मिळेल का?

धागाकर्ती

नक्की. 'क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट' ने दाबून ठेवते, सोबत स्क्रिप्ट आणि लोकल.कॉन्फ. पासवर्ड सगळ्यांना माहीत असलेले आहेत आणि सुडो उघडा आहे, त्यामुळे ही व्हीएम ब्रिज करून नेटवर उघडी टाकू नका, नॅटमागेच ठेवा. न्यायला येणाऱ्यांनी पेनड्राइव्ह एक्सफॅट करून आणावा. फॅट३२ वर ४ जीबीची फाइल बसत नाही आणि इथवर येऊन रिकाम्या हाती जावं लागेल.