मदत हवी आहे: नव्या टीव्हीवर सगळी माणसं जाडी दिसतात (४:३, १६:९ आणि झूमचा घोळ)

नंदगडकरीण
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात राहते. टीव्हीतलं मला रिमोटपलीकडे काही कळत नाही, म्हणून जरा पाल्हाळ लावते, सांभाळून घ्या.

दिवाळीला दादाने बेळगावातून ४३ इंची एलईडी टीव्ही आणला. जुना २१ इंची डबा माळ्यावर गेला. केबलचा सेट टॉप बॉक्स मात्र तोच, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने जोडलेला. तेव्हापासून जुना सिनेमा किंवा जुनी मालिका लावली की माणसं आडवी पसरतात. नवा सिनेमा लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. दादाला त्या बघवत नाहीत. "पैसे ४३ इंचाचे मोजलेत, भरून दिसायला पाहिजे," म्हणून तो झूम दाबतो. मग बातम्यांची खालची ओळ गायब आणि क्रिकेटचा स्कोअर अर्धा. केबलवाल्याला विचारलं तर म्हणतो, सगळ्यांच्या घरी असंच असतंय.

हे एक वेळ चाललं असतं. पण आई-बाबांच्या लग्नाची १९९३ ची कॅसेट आम्ही एका दुकानातून पेनड्राइव्हवर करून घेतली. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आईने हौसेने लावायला सांगितलं आणि दोन मिनिटांत म्हणाली, "हे कोण गं? असे नव्हते ते. सगळीच कशी दडपल्यागत दिसूलालेत." बाबा काडीपैलवान होते हो, लग्नातला सदरा अंगात लटकायचा त्यांच्या. पडद्यावर चांगले गरगरीत दिसतात. दुकानदार म्हणतो, "फुल स्क्रीन करून दिलंय की, वर पैसे पण घेतले नाहीत."

त्यात भाच्याने टीव्हीचा मेनू कन्नडात करून ठेवलाय. शाळेत कन्नड होतं, पण वाचायला वेळ लागतो. कुठून सुरुवात करू?

चिकोडीचा_पाव्हणा
ताई, मेनूचं टेन्शन घेऊ नका. कन्नडातही चित्राला चित्रच म्हणतात. तो शब्द गाठा, पडद्याचा आकार त्याच खोलीत सापडेल. दादांना माझा नमस्कार सांगा, आमच्या घरीही असाच एक झूमवाला आहे.

जुना_अँटेना
टीव्ही बिघडलेला नाही, आधी आईंना तेवढं सांगा.

तुमच्या जुन्या डब्याचा पडदा ४:३ होता, म्हणजे रुंदी चार भाग तर उंची तीन. नवा पडदा १६:९ आहे. लग्नाची कॅसेट, जुन्या मालिका, पूर्वीचं दूरदर्शन हे सगळं ४:३ साठी चित्रित झालेलं. ते चित्र नव्या पडद्यावर न मोडता बसवायचं तर डावी-उजवीकडे जागा रिकामी राहणारच. टीव्हीला किंवा बॉक्सला 'भरून दाखव' सांगितलंत की तो उंची तशीच ठेवून चित्र आडवं ताणतो. किती, तर एकतृतीयांशाने जास्त. दीड फुटाचे खांदे दोन फुटांचे झाले तर आई ओळखणार कशा?

झूम ताणत नाही, तो कापतो. ४:३ चं चित्र झूमने रुंदीभर केलंत की वर-खाली मिळून पाव चित्र पडद्याबाहेर जातं. तुमची बातम्यांची ओळ त्या पाव भागात गेली.

दादांच्या पैशांचा हिशोबही करून टाकू. ४३ इंच हे तिरकं माप. पडदा साधारण साडेसदतीस इंच रुंद आणि २१ इंच उंच आहे. त्यात ४:३ चं चित्र २८ बाय २१ इंचांचं बसतं, दोन्ही बाजूंना पावणेपाच इंच काळं. म्हणजे पट्ट्या ठेवूनही ते ३५ इंची टीव्हीएवढं चित्र आहे. जुना डबा २१ चा होता. यात दादांचं काय बुडालं?

निपाणीकर
पण पट्ट्या रोज एकाच जागी राहिल्या तर पडद्यावर डाग पडतो ना? आमच्या दुकानदाराने तसं बजावलं होतं.

जुना_अँटेना
पडद्याचे प्रकार असतात. जुन्या प्लाझ्मा पडद्यावर पडायचा, महागड्या ओएलईडी पडद्यावर आजही ती भीती आहे. तुमच्यासारख्या साध्या एलईडी टीव्हीचा पडदा एलसीडी या तिसऱ्याच प्रकारचा असतो, त्यावर पट्ट्यांची काळजी करू नका.

पिक्सेलपंत
नंदगडकरीण, तुमच्याकडे चित्राचा आकार दोन ठिकाणी बदलतो: आधी बॉक्समध्ये, मग टीव्हीत. दोघांनी आपापली अक्कल चालवली की खिचडी होते. म्हणून एकाला गप्प बसवायचं. बॉक्सच्या मेनूत टीव्हीचा प्रकार ४:३ असा असेल तर १६:९ करा. तिथेच ४:३ चित्राचं काय करायचं असा पर्याय असला तर 'फुल' न निवडता 'पिलरबॉक्स' घ्या, म्हणजे बाजूला पट्ट्या. मग टीव्ही १६:९ वर ठेवून रिमोट लपवून ठेवा. जुन्या बॉक्सला हा दुसरा पर्याय नसतोही. तसं असेल तर जुन्या कार्यक्रमापुरता टीव्ही हाताने ४:३ वर घ्यायचा. काही वाहिन्या जुना माल स्वतःच ताणून पाठवतात, त्यांनाही हाच उपाय चालतो.

वर-खालच्या पट्ट्यांचं कारण निराळं. मोठ्या पडद्याचे पुष्कळ सिनेमे १६:९ पेक्षाही रुंद असतात, उंचीच्या जवळजवळ २.३९ पट. तुमच्या टीव्हीवर त्यांना वर आणि खाली पावणेतीन-पावणेतीन इंच रिकामं राहतं. ते झूम केलंत तर कडेला उभा असलेला माणूस जातो.

दादांच्या बाजूने एकच मुद्दा. कधी कधी चारही बाजूंनी काळी चौकट येते आणि चित्र मध्ये पोस्टाच्या तिकिटाएवढं. रुंद चित्र आधी ४:३ च्या चौकटीत बसवलेलं असतं आणि ती चौकट पुन्हा १६:९ मध्ये. तिथे खुशाल झूम दाबा, काही कापलं जात नाही.

अवांतर: १६:९ हा आकडा आला कुठून? १९८० च्या दशकात अमेरिकेत कर्न्स पॉवर्स नावाच्या अभियंत्याने तेव्हा चालू असलेले सगळे आकार, ४:३ पासून थेट सिनेमास्कोप या खूप रुंद सिनेमापर्यंत, सारख्या क्षेत्रफळाचे आयत काढून एकावर एक ठेवले. सगळ्यांना पोटात घेणारा बाहेरचा आयत उंचीच्या १.७७ पट रुंद निघाला, म्हणजेच १६ भागिले ९, आणि सगळ्यांत समाईक असलेला आतला आयतही १.७७ चाच. म्हणजे हा पडदा तडजोडीचा आहे. कुठलंच चित्र फार नासत नाही, पण बरीचशी पट्ट्या घेऊन येतात.

नंदगडकरीण
बॉक्समध्ये १६:९ केलं, पिलरबॉक्सही सापडलं. केबलचं काम झालं! पण पेनड्राइव्ह अजून तसाच. शिवाय पेनड्राइव्ह लावल्यावर आकाराचा पर्याय करडा होतो, दाबताच येत नाही.

पिक्सेलपंत
बऱ्याच टीव्हींत यूएसबीला तो पर्याय बंदच असतो. आधी दुकानदाराने नेमकं काय केलंय ते शोधू. ताणलंय की कापलंय? ताणलेलं परत सरळ होतं, कापलेलं परत येत नाही.

व्हिडिओत बाजूने दिसणारं एखादं चाक शोधा, सायकलचं, जीपचं, कशाचंही. तिथे थांबवा आणि शिंप्याच्या टेपने आडवं-उभं मोजा. ताट घेऊ नका. ताट वरून तिरकं दिसतं, ते कधीच गोल भरत नाही.

नंदगडकरीण
वरातीची जीप सापडली. चाक आडवं ८ इंच, उभं ६ इंच. आई विचारत होती, टीव्हीला ब्लाउज शिवतेस काय.

पिक्सेलपंत
८ भागिले ६ म्हणजे १.३३. आता १६:९ ला ४:३ ने भागा, तेच येतं. तुमची फाइल निव्वळ ताणलेली आहे, चित्र पूर्ण आहे. लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लावा आणि 'ए' ची कळ दाबत जा, ४:३ येईल तिथे थांबा. टीव्हीवर बघायचं तर लॅपटॉप एचडीएमआय वायरीने टीव्हीला जोडा. कायमचा इलाज म्हणजे दुकानदाराला 'बाजूला काळ्या पट्ट्या ठेवून ४:३' असं कागदावर लिहून द्या आणि फाइल पुन्हा करून घ्या. तोंडी सांगू नका, परत फुल स्क्रीन करून देईल.

नंदगडकरीण
काल रात्री लॅपटॉप जोडून लावलं. चाक गोल. बाबा आले, तोच लटकता सदरा. आई आधी काही बोललीच नाही, मग मुंडावळ्या कुणी बांधल्या, जीप कुणाची आणली होती, सगळं सांगत बसली. काळ्या पट्ट्यांबद्दल एक अक्षर नाही. दादाही गप्प बसून बघत होता, रिमोट त्याच्याच हातात असून.

पण घोळ अजून एक आहे. पेनड्राइव्हवर दोन फाइली आहेत आणि दुसरीत, पंगतीच्या, चाक बरोबर गोल आहे तरी वाढणाऱ्यांची डोकी कापलेली. कपाळाच्या वर काहीच नाही. माझी आजी वाढतेय, तिची नुसती हनुवटी आणि तुपाची वाटी दिसते.

जुना_अँटेना
ती फाइल झूम करून बनवलीय. गोल ते गोल, पण वरखालचं गेलं. फाइलशी खटपट करू नका, मूळ कॅसेटकडेच जावं लागेल. कॅसेट टाकलीत तर नाही ना? झाकण उघडून फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसते का बघा. दिसली तर कुठल्याही व्हीसीआरमध्ये (कॅसेट चालवायच्या मशीनमध्ये) घालू देऊ नका, फीतही जाईल आणि मशीनचं हेडही. स्वच्छ असेल तर उभी ठेवा, दमट कपाटात नको. आपल्याकडच्या पावसात तेवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

नंदगडकरीण
कॅसेट आहे, आईच्या ट्रंकेत, पातळाच्या घडीत. आत्ताच बघितली, बुरशी नाही. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडे कुणाकडे चालू व्हीसीआर आहे का? माणूस सोबत येईल, कॅसेट कुठे ठेवून जाणार नाही. आईची अट आहे.